दोन बेल दिल्या की निघायचं

आमच्या गल्लीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हे पुण्याला मुलाकडे गेले आहेत. खरं तर हे मागच्या खोलीत होते. दाराला बाहेरून कडी, आत रेडिओ चालू, आणि पुढच्या खोलीत मी तोंडाला पावडर लावून बसलेली, जशी काही घरात एकटीच राहते.

ही थाप बरेच दिवस चालली. कुणी विचारलं की मी पुण्याची हवा, नातवंडांचे खेळ, सुनेच्या हातची पुरणपोळी असं सगळं रंगवून सांगायची. सुनेला पुरणपोळी येत नाही, पण थाप मारायचीच तर कंजुषी कशाला?

मग ईद आली. शेजारच्या नसीमभाभी शीरखुर्म्याचं भांडं घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठाण मांडून बसल्या.

"भाईजान पुन्याहून कधी येतात?" त्यांनी विचारलं.

"अवो, तिकडंच रमले. कालच फोन आला होता," मी म्हटलं.

त्या दिवशी कडी नीट बसली नव्हती. दार करकरलं आणि हे बाहेर आले. अंगात बनियन, कमरेला टॉवेल आणि खांद्याला माझी भाजीची पिशवी. थेट नसीमभाभींपुढे जाऊन उभे राहिले.

"कुठी जायचं, बाई?"

नसीमभाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्या बाईने पदर सावरला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "देऊळघाट. एक फुल तिकीट."

ह्यांनी पिशवीत हात घातला, कोथिंबिरीची एक काडी काढली, तिचं टोक नखाने खुडलं आणि त्यांच्या हातात दिली. भाभींनी ती काडी जपून पाकिटात ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुन्याची गाडी लवकर आली म्हनायची, ताई."

मी तोंडाला पदर लावला. हसायचं होतं की रडायचं, ते ठरेपर्यंत दोन्ही होऊन गेलं.

त्या दिवसापासून आमच्या मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लागली नाही. ज्यांच्या घरात आज अशी कडी लागलेली असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गाडीतले आणि घरातले

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. जन्मभर. त्यामुळे इथं मी त्यांना कंडक्टरच म्हणणार आहे. त्यांना ते आवडायचं आणि मला चाळीसेक वर्षं आवडत नव्हतं.

माझं माहेर उंद्रीचं. लग्नाच्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच होते. मॅट्रिकला गणितात आपटलेली, पण नवरा बँकेतला पाहिजे म्हणून अडून बसलेली. आरशासमोर उभी राहून डावीकडून चांगली दिसते की उजवीकडून, यावर तासन्‌तास विचार करायची. शेवटी वडिलांनी कंडक्टर पाहिला. मी मैत्रिणींना सांगितलं, "एसटीत साहेब आहेत." खाकी कपडे घालणारा तो साहेब, एवढंच त्यात खरं होतं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले ती यांच्याच गाडीने. नवी साडी, नव्या बांगड्या. मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले, सगळ्यांना दिसावं म्हणून. गाडी सुटली. कंडक्टर टिकटिक करत एकेक बाक करत आले आणि माझ्यासमोर थांबले.

"तिकीट."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी मान वेळावून म्हटलं, "मले कायचं तिकीट?"

"कुठी जायचं, बाई?"

बाई म्हणाले. नव्या नवरीला, भर गाडीत. मागचा एक म्हातारा खोकल्याच्या नावाखाली हसत होता. मी हळू आवाजात म्हटलं, "अवो, मी घरची हाय ना."

त्यांनी माझं तिकीट फाडलं, पंच केलं, पैसे स्वतःच्या खिशातून काढून चामड्याच्या बॅगेत टाकले आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले, "गाडीत घरचं कोनी नसते. गाडीत समदे पाशिंजर."

उंद्री येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. आईला जाऊन सांगितलं, "मी नाई जात त्या मानसाकडं." आई म्हणाली, "बरं. जेवून घे आधी." जेवले, दोन दिवस फुगून राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्याच गाडीने, तिकीट काढून, परत आले. ती पोरगी मला आज भेटली तर तिच्या डोक्यात एक टपली मारीन आणि सांगीन, अगं येडे, हाच मनुष्य तुला शेवटपर्यंत पुरणार आहे.

नंतर घरच्यांना एसटीचे पास मिळू लागले, सवलती आल्या. पण ह्यांच्या गाडीत मी जितक्यांदा बसले तितक्यांदा त्यांनी माझ्यासमोर येऊन मला बाई म्हटलं. तो आमचा जन्मभराचा तंटा होता.

खताच्या पोत्यावरचं नाव

सुरुवात बारीकसारीक गोष्टींनी झाली. मीठ आणायला जायचे आणि साबण घेऊन यायचे. एकाच पेपरची घडी करायचे, उघडायचे, पुन्हा करायचे. मी म्हणायची, रिटायर झाले, डोकं रिकामं झालं. एकदा बुलढाण्याच्या स्टँडवरून घरी यायला त्यांना रस्ता सापडेना. ज्या स्टँडवर त्यांची उमर गेली, तिथून. त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाचा एक कंडक्टर त्यांना हाताला धरून घेऊन आला. म्हणाला, "काकू, काका माझ्या गाडीत चढून लोकांना तिकीट मागत होते. कोणी काही बोललं नाही. पण तुम्ही दाखवून घ्या."

दाखवलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी अकोल्याला पाठवून मेंदूचा फोटो काढायला लावला. तो घेऊन आम्ही परत त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी ह्यांना वार विचारला. हे म्हणाले, "आज माझी सुट्टी हाय." पेन दाखवलं, घड्याळ दाखवलं. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "काका, ह्या कोण?"

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. एखाद्याने जुनं तिकीट पुढे केलं तर कंडक्टर जसं उलटंसुलटं करून पाहतो, तसं. आणि म्हणाले, "त्याईलेच इचारा ना."

मी मोठ्याने हसले. मला वाटलं, वा, म्हातारपणी का होईना पण गंमत करायला शिकले. हसता हसता माझं लक्ष डॉक्टरीणबाईंकडे गेलं. त्या हसत नव्हत्या.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. अल्झायमर. मला ते एखाद्या परदेशी खताच्या पोत्यावरचं नाव वाटलं. पुढचं त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी ह्यांच्या शर्टाचं वरचं बटण पाहत होते. ते चुकीच्या काजात घातलं होतं आणि सकाळी ते मीच घातलं होतं.

घरी आल्यावर मी मागच्या खोलीला ती कडी लावली आणि वर आणखी एक मोठा शहाणपणा केला. रोज सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे धरायचा आणि विचारायचं, "सांगा, मी कोण?" मला वाटायचं, पाढे घोकतात तसं घोकून घेतलं की राहील डोक्यात. कधी ते माझं नाव सांगायचे, तेव्हा चहासोबत बिस्किट. कधी म्हणायचे मावशी, कधी सिस्टर, कधी आपल्या आईचं नाव घ्यायचे. तेव्हा मी म्हणायची, "चूक. पुन्हा सांगा."

असं करता करता त्यांनी चहा सोडला. कप दिसला की तोंड भिंतीकडे. मला वाटलं, जिभेची चव गेली. ईदला कडी निघाल्यावर नसीमभाभींनी ह्यांना एकदा आपल्या ओट्यावर चहा दिला तर बशीत ओतून मजेत प्याले. भाभी म्हणाल्या, "ताई, चाय तं पिऊन राह्यले. तुमची परीक्षा नाई पाह्यजे त्याईले."

गणितात नापास झालेली मी, आणि रोज सकाळी त्यांना नापास करत होते. परीक्षा बंद केली. चहा परत सुरू झाला.

पण मी लपवत नाही. प्रश्न विचारणं थांबलं तरी त्याचं उत्तर मला हवंच होतं. त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी स्वयंपाक करणारी बाई आहे, आंघोळ घालणारी आहे, भाकरी चुरून देणारी आहे, हे त्यांना कळत होतं. पण मी त्यांची कोण, हे त्यांच्या आत कुठे उरलंय की नाही, ते मला कोणी सांगू शकत नव्हतं.

लोखंडी खाट

मध्येच त्यांना ताप आला. लघवीत जंतू झाले होते, भरती करावं लागलं. दवाखान्याचा दिवस फार लवकर उजाडतो. आधी फरशी पुसणारी येते, मग ताप पाहणारी, मग थर्मासमधला चहा आणि मग बराच वेळ डॉक्टरांची वाट. शहाण्या माणसाला तिथं कंटाळा येतो. ह्यांना भीती वाटायची. सलाईनची नळी उपटून खाली उतरायचे आणि चालू लागायचे. सिस्टर चांगली होती, पण तिला एकटीला अख्खा वॉर्ड होता. ती म्हणाली, "आजी, हात बांधावे लागतील."

बांधू नका, मी बसते, असं म्हणून मी बसले. तरी माझा डोळा लागला आणि हे उठून दाराकडे निघाले. मी दचकून उठले, तर मांडीवरचा चमचा उडून लोखंडी खाटेवर आपटला. टण.

कंडक्टर जागच्या जागी थांबले. एक हात वर गेला, जसा गाडीतला दांडा धरायला जातो.

मी चमचा उचलून पाहत राहिले. मग डोक्यात आलं. एक बेल, थांबा. मी खाटेवर दोनदा मारलं, टणटण. ते चालू लागले. टण. थांबले. समोरच्या खाटेवर पाय मोडलेले एक मामा होते, ते म्हणाले, "काकू, गाडी चांगली चालून राह्यली. आता रिव्हर्स घ्या."

त्या चमच्याने मी त्यांना खाटेपर्यंत आणलं. हात बांधावे लागले नाहीत. घरी जाईपर्यंत अख्खा वॉर्ड आमच्या गाडीत बसलेला होता. मामा रोज सांगायचे, "आपला स्टाप आला की आवाज द्या हो, कंडक्टर." हे मान हलवायचे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी ताप गेला. पण त्या मान हलवण्यात जी तब्येत होती, ती कोणत्या गोळीत मला दिसली नाही.

घरी येऊन मी देवघरातली घंटी उचलली आणि देवाला सांगितलं, काही दिवस टाळ्यांवर भागव. आंघोळीला जायचं, दोन बेल. जेवायला बसायचं, एक बेल. तिकिटांना टिकटिक करायला ह्यांनी माझा अडकित्ता पळवला होता, तो काढून घेऊन कपडे वाळत घालायचा चिमटा दिला. आणि नसीमभाभींच्या मुलाचं लग्नपत्रिका छापायचं दुकान, तिथून त्या रंगीत कागदाच्या कापलेल्या पट्ट्या आणून द्यायच्या. गुलाबी, पिवळ्या, जांभळ्या. देताना म्हणायच्या, "भाईजान, डेपोतून नवीन तिकिटं आली."

पुण्याचा फोन

आता जे लिहायचं ते लिहावंसं वाटत नाही, पण न लिहिलं तर या लिखाणाचा उपयोग नाही.

सतत जागं राहून, मागे धावून, धुऊन, पुसून मी आंबून गेले होते. एका दुपारी त्यांनी वरणाची वाटी तिकिटांच्या पिशवीत ओतली आणि मी त्यांच्यावर हात उगारला. मारलं नाही. पण हात वर गेला होता आणि तो त्यांनी पाहिला. त्यांनी ती वरणाने भिजलेली पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

मी त्याच हाताने मुलाला फोन लावला.

नितीन, आमचा एकुलता एक, पुण्यात असतो. तो केव्हापासून सांगत होता, "आई, इथं एक जागा आहे. माणसं चांगली आहेत, बाबांना सांभाळतील. तूही सत्तरीची झालीस." मी दरवेळी त्याला उडवून लावायची. त्या दिवशी म्हटलं, "पाहून ठेव ती जागा."

"नक्की ना, आई?" त्याने विचारलं. त्याला वाटलं नसावं की मी असं म्हणेन.

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मला दोष दिला नाही. म्हणाल्या, कुणाकुणाला ठेवावंच लागतं, त्यात पाप नाही. मग म्हणाल्या, "येत्या रविवारी आम्ही गावातून चालणार आहोत. ह्याच आजारासाठी. देणगी जमवून इथं बुलढाण्यात दिवसा बसायला एक जागा करायची आहे, म्हणजे तुमच्यासारख्यांना दोन घटका पाठ टेकता येईल. काकांना घेऊन या."

"गावात? लोक पाहतील," मी म्हटलं.

"पाहू द्या. त्यासाठीच तर चालायचं."

मी नितीनला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर सौदा ठेवला. बाबा चार लोकांत नीट चालले, तर इथंच राहतील. नाही जमलं, बिथरले, हरवले, तर रविवारीच तुझ्या गाडीत बसव आणि घेऊन जा. मी आडवी येणार नाही. शनिवारी त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली. बनियन, मफलर, गोळ्या. वर चिमटा ठेवला, मग काढून घेतला, मग परत ठेवला.

ड्रायव्हर आला का

रविवारी सकाळी मैदानावर गेलो तर जांभळ्या टोप्या घातलेली माणसं जमली होती. कॉलेजच्या मुली, रिटायर मास्तर, दवाखान्यातल्या सिस्टर. नसीमभाभी बुरख्याखाली नातवाचे बूट घालून आल्या होत्या. मीही साडीवर बूट घातले होते, आयुष्यात पहिल्यांदा. लग्नातल्या त्या नवरीने मला पाहिलं असतं तर लाजेने जीव दिला असता. मला मात्र ते इतके मऊ वाटले की मी मनात म्हटलं, एवढी वर्षं कोणासाठी चपला घासल्या?

डॉक्टरीणबाईंनी माईकवर सांगितलं की आज आपल्यासोबत एसटीचे एक कंडक्टर आहेत, म्हणून सगळ्यांनी त्यांचे नियम पाळायचे. एक बेल, थांबा. दोन बेल, चला. माणसं हसली. मी घंटी वर धरून दोन बेल दिल्या. सगळे निघाले.

कंडक्टर निघाले नाहीत.

मी पुन्हा दोन बेल दिल्या. ते मान ताठ करून उभे. खांद्याला पिशवी, हातात चिमटा. पुढची माणसं थांबून मागे पाहू लागली. नितीन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, राहू दे. नको त्यांना त्रास."

तेव्हा कंडक्टर रागावून बोलले, "ड्रायव्हर कुठी हाय? ड्रायव्हर नसता बेल काऊन देऊन राह्यले?"

मी नितीनकडे पाहिलं. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे तो, खूप माणसं त्याच्या हाताखाली. त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं, टोपी सरळ केली आणि धावत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. तिथून हात वर करून ओरडला, "आलो, कंडक्टर."

"चहा प्याले का?"

"प्यालो."

"मंग चाला."

मी दोन बेल दिल्या आणि आमची गाडी सुटली.

काय सांगू ती चाल. कंडक्टर मागून पुढे, पुढून मागे. "पुढं सरका, पुढं लय जागा हाय." रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या घेऊन बाया बसल्या होत्या, त्यांनाही तिकिटं दिली. एक म्हणाली, "बाबा, माझ्या पाटीचं पन तिकीट लागते का?" हे म्हणाले, "लगेजचं अलग." तिने एक सीताफळ त्यांच्या पिशवीत टाकलं. प्रत्येक चौकात ते गाव पुकारायचे. देऊळघाट. हिवरा आश्रम. उंद्री. कोणत्या चौकाला कोणतं गाव, त्याला काही ताळमेळ नव्हता, पण कॉलेजच्या मुली प्रत्येक ठिकाणी "उतरणारे उतरा" म्हणून साथ देत होत्या. ओळखीची माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. मी ज्यांना पुण्याच्या हवेचं वर्णन ऐकवलं होतं, तीच. मी त्यांना टोपी हलवून दाखवली.

आणि मग मी माझ्या मूळ स्वभावावर गेले. नसीमभाभींना गल्लीतली एक भानगड सांगायला लागले. चांगली रंगात आले होते. मान वळवली तर कंडक्टर नव्हते.

पुढे नाहीत. मागे नाहीत. एका बाजूने ट्रक, दुसऱ्या बाजूने मोटारसायकली. दाराशी भरून ठेवलेली बॅग डोळ्यांसमोर आली. हातात घंटी होती, ती मी एकदा वाजवली. एकदाच.

पुढची सगळी माणसं थांबली. हसणं थांबलं. ड्रायव्हर मागे धावत आला. सगळे जिथल्या तिथे उभे राहिले, म्हणून मागचा रस्ता मोकळा दिसला आणि त्यात एकटे आमचे कंडक्टर दिसले. बरेच मागे, नाल्यावरच्या एका रपट्याच्या कठड्याजवळ, एक हात वर करून उभे. बेल ऐकून तेही थांबले होते.

कठड्यावर एक म्हातारी बसली होती. डोक्यावर जांभळी टोपी, पायातली चप्पल हातात. देऊळघाटच्या कमलाबाई. त्यांनाही हाच आजार. सून पाणी आणायला गेली तेवढ्यात त्या बसून गेल्या होत्या आणि आता उठत नव्हत्या. चालणाऱ्या एवढ्या माणसांत कोणाला त्या मागे राहिल्याचं कळलं नव्हतं.

मी धापा टाकत पोहोचले तेव्हा हे त्यांना विचारत होते, "कुठी जायचं, बाई?"

"माहेरी," कमलाबाई म्हणाल्या.

ह्यांनी पिवळी पट्टी काढली, चिमट्याने टिकटिक केली आणि त्यांच्या हातात दिली. "माहेर आलं की मी सांगतो. धरून चाला."

त्यांनी चप्पल घातली, ह्यांचं कोपर धरलं आणि उठल्या. सून पाण्याची बाटली घेऊन धावत आली आणि पाहतच राहिली. नितीन म्हणाला, "बाबा, चला आता, लोक थांबलेत."

"थांबू दे," कंडक्टर म्हणाले. "बाई चढल्याबिगर गाडी हालनार नाई."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बेलसाठी. मी दोन दिल्या.

शेवटचा स्टॉप

मैदानावर परत आल्यावर पोहे आणि चहा होता. कडुनिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. नितीन बराच वेळ कागदी कप चुरगाळत बसला. मग म्हणाला, "पुण्याच्या जागेला मी नको म्हणून कळवतो. पण आई, सकाळच्या कामाला बाई लावायची. आणि मी दर महिन्याला येणार. ड्रायव्हर नसला तर गाडी सुटत नाही, ते बाबांनीच सांगितलंय. यावर वाद घालायचा नाही."

मी घातला नाही. वाद घालायला अंगात जोरही नव्हता.

या चालण्याने आजार बरा झाला नाही, हे सांगून ठेवते. उद्या ते बेलही विसरतील, डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे. आणि कधी पुण्याचा विचार पुन्हा करावा लागला, तर तेव्हा मी करीन. पण घरी जाऊन दाराशी भरून ठेवलेली बॅग रिकामी करायची होती, आणि त्या दिवशी मला तेवढं पुरेसं होतं.

कंडक्टर माझ्या शेजारी बसले होते. दमले होते. चहा बशीत ओतून प्याले, पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाल्ले. मग पिशवी मांडीवर घेऊन आत पाहू लागले. गुलाबी संपल्या होत्या, पिवळ्या संपल्या होत्या. एक सीताफळ आणि एक जांभळी पट्टी उरली होती. ती पट्टी त्यांनी बाहेर काढून हातात धरली.

माझ्या लक्षात आलं, आज अख्ख्या गावाला तिकीट मिळालं आणि मला नाही मिळालं. खरं सांगते, परीक्षा घ्यायची म्हणून नव्हे. मला ती पट्टी हवी होती. भाभींनी कोथिंबिरीची काडी पाकिटात ठेवली, तशी मला ती ठेवायची होती. मी हात पुढे केला.

"अवो कंडक्टर, माझं तिकीट राह्यलं."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. बराच वेळ. त्यांनी पट्टी परत पिशवीत टाकली, पिशवीचं तोंड मुठीत आवळलं आणि म्हणाले,

"तुमाले कायचं तिकीट, बाई. तुमी तं घरच्या हात."